न वाचून दाखविलेला परिच्छेद

ज्या कैफियतीमुळे एका आईपासून तिची मुलगी दुरावली, ती कैफियत माझ्या हातची आहे. आणि ती लिहिताना माझ्या मनात त्या आईविषयी कळवळ्यावाचून दुसरे काहीही नव्हते. या दोन्ही गोष्टी सत्य आहेत. त्या एकत्र कशा असू शकतात, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. तथापि जे घडले ते घडले तसे लिहून ठेवावे, इतपत धैर्य आता मला आले आहे.

मी मूळचा गव्हाणचा. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबणारे. माझे शिक्षण मराठी चौथ्या इयत्तेपर्यंत झाले, आणि पुढे वडील निवर्तल्यामुळे शाळा सुटली. परंतु अक्षर वळणदार असल्याकारणाने पनवेलच्या कचेरीसमोर बसणाऱ्या दाजी नावाच्या वृद्ध अर्जनविसांनी मला हाताशी धरले, आणि त्यांच्या पश्चात त्यांची लाकडी पेटी व पिंपळाखालची जागा माझ्याकडे आली. सरकारचा परवानाही मिळाला.

दाजी मला सांगत, अर्जाची अंगे तीन असतात. प्रथम नाव-ठिकाण, मग हकीकत, आणि अखेरीस दया. ‘हकीकत पक्षकाराची,’ ते म्हणत, ‘दया आपली.’ साहेबाच्या हृदयास पाझर फुटावा असा एक परिच्छेद अर्जनविसाने स्वतःच्या बुद्धीने शेवटी घालावयाचा, आणि तो पक्षकारास वाचून दाखवावयाचा नाही, अशी आम्हा लोकांत रीत होती. कारणही तसेच होते. पूर्वी एकदा दाजींनी असा परिच्छेद एका कुळास वाचून दाखविला, तेव्हा ‘मी काय भिकारी आहे का,’ म्हणून त्याने तेथेच भांडण काढले आणि अर्ज फाडून टाकला. तेव्हापासून हकीकत वाचावी, दया वाचू नये, असे ठरले होते. मीही ही रीत बारा वर्षे निष्ठेने पाळली. त्या परिच्छेदात मी माझे सर्व वाचन ओतीत असे. अभागी, निराधार, अश्रूंच्या महापुरात बुडालेला, असे शब्द मी वहीत टिपून ठेवले होते, आणि ते योजताना मला विद्वत्तेचा आनंद होत असे, हे मी लपवीत नाही.

मालूबाई प्रथम माझ्याकडे आली ती मुलीला शाळेत घालण्याचा अर्ज लिहून घेण्यासाठी. मुंबई-पुणे रस्त्याने जाणाऱ्या मालमोटारी घाट चढण्यापूर्वी पनवेलीस थांबत, आणि त्या थांब्यामागे कौलारू खोल्यांची एक ओळ होती, तिला गावात मागची आळी म्हणत. तेथे आठ-नऊ स्त्रिया राहत. मालूबाई त्यांपैकी एक होती. वय तिशीच्या आतबाहेर, बांधा सडपातळ, बोलणे आमच्या मिठागरांकडचे. तिने माझ्या तोंडून ‘गव्हाण’ ऐकले मात्र, आणि त्या दिवसापासून ती मला बलीदादा म्हणू लागली.

‘बापाचं नाव काय लावू?’ मी विचारले.

‘तुमाला बरं वाटंल ते लावा, दादा. बाप नावाला कुटं हरकत घेतोय.’

मी तिच्या दिवंगत पतीचे नाव लावले. मुलीचे नाव वेणू. मालूबाईने तिला आळीत वाढविले नव्हते. तळ्याच्या काठी गंगाबाई म्हणून एक वयोवृद्ध विधवा एकटी राहत असे, तिच्याकडे ती मुलगी ठेवली होती, आणि रोज सकाळी शाळेच्या वेळेस मालूबाई स्वतः जाऊन तिला दारापर्यंत पोचवीत असे. मुलगी अभ्यासात हुशार निघाली. कधी आईबरोबर माझ्यापुढे आली, तर माझ्या पेटीवरचे कागद मनातल्या मनात वाचीत उभी राही.

अठ्ठावन्न साली अशा आळ्यांतल्या व्यवसायासंबंधी नवा कायदा लागू झाला. पुढल्या वर्षी जिल्ह्याकडून एक बाई चौकशीसाठी पनवेलीस आल्या. त्यांचे नाव बेलाबाई वाकरूळकर. अलिबागेकडच्या बेने इस्राएल यहुदी कुटुंबातल्या, शिकलेल्या, अंगावर साधे पांढरे लुगडे, आणि बोलणे अतिशय सौम्य. त्यांच्याजवळ छापील प्रश्नांचे कागद होते. कशाकशावर अंगठा घेतील या भीतीने आळीतल्या स्त्रियांनी मला साक्षीला बोलाविले होते, म्हणून मी तेथे हजर होतो. दुपारची वेळ होती. सर्वजणी रंभाच्या ओट्यावर बसल्या होत्या. रंभा ही त्यांच्यात वडील, आणि जिभेची तिखट.

बेलाबाईंनी नाव, वय, गाव विचारले. मग कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही करता त्या कामात तुम्ही समाधानी आहात का? होय की नाही, एवढंच सांगायचं.’

 मग रंभा म्हणाली, ‘बाय, तुमाला विचारू का? कागद घेऊन लोकांच्या दारात फिरायचं, ह्ये तुमचं काम. तुमी समादानी हाव का?’

बेलाबाईंना हसू आले. ‘कधी असते, कधी नसते. आज पाय फार दुखताहेत.’

‘मग आमचंबी तेच लिवा. आज कंबर दुकतेय.’

सगळ्याजणी हसल्या. ‘अहो, पण तसं लिहायला यात जागा नाही,’ बेलाबाई म्हणाल्या.

‘जागा नाय तर रायटरला सांगा,’ रंभा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. ‘तो कोपऱ्यात बसून दोन वली घुसवतोय. आमच्याकडं चा प्यायलासुदिक येत नाय, पन लिवायला बोलावलं की तुरतुरत येतो.’

मी मान खाली घातली. बेलाबाईंनी शेवटी त्या प्रश्नापुढे काय खूण केली, ते मी पाहिले नाही. परंतु जाताना त्या मालूबाईपाशी थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुमची मुलगी शाळेत जाते ना? तिच्याबद्दल तुम्हांला एक नोटीस येईल. घाबरू नका. मुलगी आळीत राहत नाही, तिची देखभाल नीट होते, असं मी माझ्या अहवालात लिहीन. फक्त तुमचं म्हणणं लेखी द्यावं लागेल. तेवढं नीट लिहून घ्या.’

ते ‘नीट’ मालूबाईने माझ्याकडे आणले.

नोटीस आली तिच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन बसली. त्या दिवशी कचेरीत फारशी गर्दी नव्हती. मी नोटीस वाचून अर्थ सांगितला: मुलांसंबंधीच्या कायद्याप्रमाणे वेणूस आईच्या ताब्यात ठेवावे की सरकारी देखरेखीखालील बालगृहात पाठवावे, याचा निर्णय मॅजिस्ट्रेटसाहेब करणार होते, तत्पूर्वी आईने आपला व्यवसाय, त्याविषयीची आपली भावना व मुलीची व्यवस्था यांविषयी कैफियत द्यावयाची होती.

‘भावना म्हंजी?’ तिने विचारले.

‘या कामात तुम्ही सुखी आहात की दुःखी, ते.’

तिने नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, ‘मी बोलतंय तसं लिवाल?’

‘लिहीन.’

तिने त्या दिवशी जे सांगितले, ते मी येथे जसेच्या तसे देतो. त्या वेळी दिले नाही.

‘नवरा मेला तवा मी दिराकडं ऱ्हायली. तलोज्याच्या अंगाला. तिथून मिठागरात जायाची. दादा, तुमाला ठाव हाय मिठागर. पायाला भेगा पडतात आनि त्यात मीठ जातं. संध्याकालला घरी आलं की दीर दारात उभा. त्याला नको बोलायची सोय नव्हती, कारन खायला तोच घालत व्हता. आता माजी खोली हाय. दाराला आतून कडी हाय, ती माज्या हातानं लागते आनि माज्या हातानं निगते. दारू पिऊन आला त्याला मी नको बोलतंय. जातो शिव्या देत, पन जातो.’

‘पुढं?’

‘एक डरायवर येतो. सरदारजी हाय, म्हातारपनाकडं झुकलेला. त्याचा किलीनर घाटात मेला, त्याच्या डोल्यासमोर. तवापासून त्याला झोप नाय. तो येतो आनि नुसता पडून ऱ्हातो. मी त्याच्या टालूला तेल लावतंय आनि काय काय बोलतंय, त्याला आमची बोली कलत नाय, मना त्याची. पन तो झोपतो. दोन घंटे गाढ झोपतो आनि मंग गाडी घेऊन घाट चढतो. तवा मना वाटतं, काम बरं झालं. जसं तुमाला एकादा अर्ज बरा उतरला की वाटत असंल.’

मी टाक दौतीत बुडवून तसाच धरून बसलो होतो.

‘वायट काय ते पन लिवा,’ ती म्हणाली. ‘हलदीकुंकवाला कोनी बोलवत नाय. कोन कोन असा येतो की तो गेल्यावर मी अंग घासत बसतंय, तरी वास जात नाय. आठवड्यात तीन दिस बरे जातात, चार वायट. मिठागरात सातई वायट व्हते. पन वेणू शिकतेय. तिची फी, तिचं पुस्तक, गंगाबायचं भात, सगलं ह्यातून. मना समादानी बोलू नका, लोक शेन घालतील तोंडात. दुःखी पन बोलू नका, ते खोटं हुईल. जसं हाय तसं लिवा.’

येथवर मी प्रामाणिक होतो. हकीकतीचा भाग मी लिहिला. अर्थात तिची बोली कचेरीच्या भाषेत बसविली. सरदारजी मी वगळला, कारण त्याचा उल्लेख साहेबांस रुचणार नाही असे मला वाटले. दाराची कडीही वगळली. राहिली ती मुलीची व्यवस्था, शाळा, गंगाबाई. तेवढे तिला वाचून दाखविले. ती डोळे मिटून ऐकत होती.

‘पोथीसारकं वाटतंय,’ ती म्हणाली. ‘ह्ये ऐकल्यावर पोरीला कोन नेईल?’

तिने अंगठा उमटविला आणि वेणूची शाळा सुटण्याची वेळ झाली म्हणून ती गेली. मग मी एकटा बसून शेवटचा परिच्छेद लिहिला. त्याकरिता अंगठ्याच्या वर मी नेहमीच चार ओळी मोकळ्या ठेवीत असे.

माझ्या मनात काय होते, ते सांगणे अवश्य आहे. तिने सांगितलेल्या हकीकतीने मी व्याकूळ झालो होतो. आणि मला असे वाटले, की ही स्त्री या कामात बरी आहे अशी नुसती छाया जरी कागदावर पडली, तर साहेबांच्या मनात तिच्याविषयी घृणा उत्पन्न होईल. तेव्हा ती अत्यंत दुःखी आहे, असेच दिसले पाहिजे. दुःखी बाईची मुलगी कोण हिरावून घेईल? असा माझा विचार. म्हणून मी लिहिले:

‘सदरहू अर्जदारीण ही परम अभागी अबला असून या नरकतुल्य व्यवसायात क्षणोक्षणी मरणयातना भोगीत आहे. तिला या कामात तिळमात्रही समाधान नाही. अशा पापमय स्थितीत दुर्दैवाने पदरी आलेल्या कन्येचा भार वाहणे तिला असह्य झाले असून ती अश्रूंच्या महापुरात बुडालेली आहे. तरी मायबाप सरकारने तिजवर दया करावी.’

लिहून झाल्यावर मी तो परिच्छेद दोनदा वाचला. माझे स्वतःचे डोळे भरून आले. आयुष्यात मी लिहिलेल्या दयेच्या सर्व परिच्छेदांत हा श्रेष्ठ आहे, असे मला वाटले.

सुनावणीच्या दिवशी मालूबाईने हिरवे लुगडे नेसले होते. वेणूच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या, तिला चौथीचे वर्ष होते. बेलाबाई हजर होत्या. मी दाराशी उभा होतो, कारण माझ्या पक्षकाराचे काम असले की मी निकाल ऐकावयास जात असे.

बेलाबाईंनी आपला अहवाल सांगितला. मुलगी आळीपासून दूर राहते, शाळेत नियमित जाते, अंगावर कपडे स्वच्छ, प्रकृती उत्तम. तिला आईच्या ताब्यात ठेवण्यास आपली हरकत नाही. मॅजिस्ट्रेटसाहेब वृद्ध व शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला आणि माझी कैफियत हाती घेतली. हकीकत त्यांनी मनात वाचली. शेवटच्या परिच्छेदाशी येताच ते थांबले, आणि मग तो त्यांनी मोठ्याने वाचला. प्रत्येक शब्द सावकाश, स्पष्ट.

माझ्या लेखणीची वाक्ये मी दुसऱ्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

मालूबाईस त्यातले सर्व कळले नसावे. ‘नरक’ कळले, कारण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. परंतु वेणूस सर्व कळले. चौथीच्या मुलीस ‘कन्येचा भार’ आणि ‘असह्य’ यांचा अर्थ कळतो. तिने प्रथम साहेबांकडे पाहिले, मग आईकडे. मग आईच्या हातातला आपला हात तिने काढून घेतला. ओढून नाही, एखादी वस्तू दुसऱ्याची आहे असे समजल्यावर ठेवून द्यावी, तसा.

‘मी असं नाय बोलले, सायब,’ मालूबाई म्हणाली.

‘हा अंगठा तुझाच ना, बाई?’

‘माजाच. पन मी असं नाय बोलले.’

‘घाबरू नकोस,’ साहेब अत्यंत मायेने म्हणाले. ‘यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तू खरं सांगितलंस, हे तुला भूषण आहे. चौकशी करणाऱ्या बाई काहीही म्हणोत, खुद्द आईच म्हणते की तिला हा भार सोसवत नाही. तेव्हा तो उतरविणं माझं कर्तव्य आहे. तुझंच मागणं मी मान्य करतो आहे.’

त्या वेळी मी पुढे होऊन एक वाक्य बोलावयास हवे होते. ‘साहेब, ते वाक्य माझे आहे,’ एवढेच. ते माझ्या ओठांपर्यंत आले होते. परंतु पक्षकारास न वाचता मजकूर घातला, आणि तोही अंगठा घेतल्यानंतर, असे मी भर कचेरीत कबूल केले असते, तर त्याच घटकेस माझा परवाना गेला असता. घरी बायको होती, आई होती. मी गप्प राहिलो. बेलाबाई एकवार माझ्याकडे रोखून पाहत्या झाल्या. त्यांना उमगले होते असे मला वाटते. परंतु त्यांच्याजवळ पुरावा नव्हता, आणि मी तो दिला नाही.

वेणूस घाटावरच्या एका शहरातील बालगृहात पाठविण्याचा हुकूम झाला. आईने दुसरे काम धरून एक वर्ष स्थिर राहून दाखविल्यास फेरविचार होईल, असेही त्यात होते. बेलाबाई मुलीस घेऊन मोटारीत बसल्या. मुलगी रडली नाही आणि तिने मागे वळूनही पाहिले नाही.

मोटार गेल्यावर मालूबाई माझ्या पिंपळाखाली आली. उभीच राहिली.

‘ती रडली का नाय, दादा?’ तिने विचारले. ‘मी तिच्याबद्दल काय बोलले असं लिवलंय?’

मी सांगितले. या खेपेस तिच्याच बोलीत सांगितले, कारण त्या वाक्याला दुसरी भाषा लावण्याची माझी छाती झाली नाही. ‘तू तिला ओझं म्हणालीस, असं लिवलंय. आनि ते तुला आता सोसत नाय.’

 मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होतो. त्या आल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

‘तुमी आमच्या गावचे,’ एवढेच ती म्हणाली.

पुढे तिने आळी सोडली. हुकुमातले एक वर्ष तिने मनात धरले होते. भाताच्या गिरणीत ती तूस वाहू लागली. कोंडा नाकातोंडात जाऊन तिला खोकला जडला, आणि तेथल्या मुकादमास तिचे पूर्वीचे ठिकाण ठाऊक असल्याने त्याचाही ससेमिरा होताच. मी एकदा रस्त्यात भेटून, काम कसे आहे, असे विचारले.

‘हितं मना कोनी कागद घेऊन विचारायला आलं नाय,’ ती म्हणाली, ‘तू समादानी हायस का म्हून. आले तर पाटवा. आता मी एकच उत्तर देईन, त्यांना लिवायला सोपं पडंल.’

दरम्यान, वर्ष भरण्याआधीच, ती दोनदा मुलीच्या भेटीस जाऊन आली होती. दोन्ही वेळा मुलीने बाहेर येण्यास नकार दिला होता. तिसऱ्या खेपेस ती माझ्याकडे आली. माझ्याशी ती आता मोजकेच बोले. दादा म्हणणे सोडले होते.

‘तुमी चला,’ ती म्हणाली. ‘ते तुमी लिवलंय. तुमीच तिला सांगा.’

आम्ही सकाळच्या मोटारीने घाट चढून गेलो.  बालगृह स्वच्छ होते, अंगणात जास्वंदी होत्या. मालूबाई फाटकाबाहेर कट्ट्यावर बसली आणि मी आत गेलो. गाववाला काका म्हणून मला परवानगी मिळाली. वेणू आली. ती अकरा वर्षांची झाली होती आणि उंच दिसत होती.

मी तिला सर्व सांगितले. कोठेही शब्द सजविला नाही. ते वाक्य माझे, आईचे नव्हे. आईने तुझ्या शाळेची, पुस्तकांची गोष्ट सांगितली होती. अंगठा आधी झाला होता आणि ते मागाहून लिहिले गेले. तिला वाचूनही दाखविले नाही.

ती ऐकत असता बोटाने बाकाच्या कडेवरून रेघ ओढीत होती.

‘हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?’

‘परवाना जाईल म्हणून भ्यालो.’

तिने मान हलविली, जणू हे उत्तर तिला समजले. मोठ्या माणसास ते इतके सहज समजले नसते. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

‘काका, पण मी इथं सगळ्यांना सांगून बसले आहे की माझी आई वारली. शाळेतल्या बाईंना, इथल्या मुलींना, सगळ्यांना. पहिल्याच दिवशी. माझी मैत्रीण आहे, सॅली, तिची आईपण वारलेली आहे. आम्ही दोघी एकत्र बसतो त्या म्हणूनच. आता मी फाटकाशी गेले, तर ती कोण, म्हणून सांगू?’

 शब्दांवर पोट भरणाऱ्या मनुष्याजवळ एकही शब्द नव्हता.

‘तिला सांगा, मी जेवते नीट,’ ती म्हणाली. ‘आणि दुसरा नंबर आला.’ एवढे बोलून तिने परकराचा घोळ उचलून डोळ्यांना लावला आणि ती आत निघून गेली.

मी फाटकाबाहेर आलो. मालूबाई उठून उभी राहिली. तिच्या तोंडाकडे पाहताच माझ्या मनात नाना वाक्ये जुळू लागली. मुलगी आजारी होती, मुलीची परीक्षा चालू होती, मुलीने तुला नमस्कार सांगितला आणि पुढल्या खेपेस भेटते म्हणाली. ती वाक्ये सुंदर होती, आणि मी ती सहज बोलून गेलो असतो.

‘काय बोलली?’ तिने विचारले. ‘जशी बोलली तशी सांगा.’

तेव्हा मी वेणूचा शब्द न्‌ शब्द सांगितला. परवान्याचे सांगितले. मैत्रिणीचे सांगितले. फाटकाशी गेले तर ती कोण म्हणून सांगू, हेही सांगितले. जेवणाचे आणि नंबराचे शेवटी सांगितले, कारण तिनेही ते शेवटी सांगितले होते.

मालूबाई कट्ट्याला हात टेकून उभी होती. रस्त्यावरून एक टांगा गेला, तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

‘मी कशानं मेले म्हून सांगितलंय तिनं?’

हे मी विचारले नव्हते. मी पुन्हा आत गेलो आणि वेणूस बोलावून विचारून आलो.

‘तापानं,’ मी म्हणालो. ‘घरीच. तू तिचा हात धरला होतास, असं तिनं सांगितलंय.’

‘तापानं,’ ती म्हणाली. ‘मंग बरं.’

तिने पदराआडून एक पुरचुंडी काढली. तांदळाच्या पिठाचे चार लाडू होते, प्रवासात एक फुटला होता. फुटलेला तिने बाजूला काढला, उरलेले पुन्हा बांधले आणि ती पुरचुंडी माझ्या हाती दिली.

‘नेऊन द्या,’ ती म्हणाली. ‘पनवेलच्या मावशीनं दिलेत, बोला. चार पोरीत बसून खाईल.’

मी ती घेऊन आत गेलो, आणि मावशीने दिलेत, असेच सांगितले.